विमानांविरुद्धचा अर्ज

अर्जदार : उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेस असलेल्या एका वाडीवरील वृद्ध गृहस्थ. धंदा मोलमजुरी. जमीन नाही. नाव लिहिलेले नाही, कारण ते इथे लिहू नये अशी त्यांचीच इच्छा आहे.

प्रतिवादी : आकाशमार्गे गेलेली दोन लढाऊ विमाने. हे नाव पुढे वगळण्यात आले.

घटनेचा दिवस : भात झोडून झाल्यानंतरचा, थंडी पडू लागलेली असतानाचा. तारीख मूळ अर्जात आहे.

मयत : अर्जदाराची थोरली मुलगी. सासर मुरबाड तालुक्यात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली.

साक्षीदार : एक, अर्जदाराचा धाकटा मुलगा. दोन, माझे साडू, नौदलातून निवृत्त, राहणार आटगाव. तीन, मी स्वतः.

कोणतीही हकिकत या क्रमाने मांडण्याची माझ्या हाताला सवय आहे. शहापूरच्या तहसील कचेरीच्या कुंपणाबाहेर माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले आणि त्यापुढचे सर्व या टेबलावर झाले. वारसनोंद, रेशनकार्ड, रस्त्याचा वाद, विहिरीचा वाद, या विषयांवरील माझ्या मसुद्यांना कचेरीत एक ओळख आहे. एका साहेबांनी तर शिपायाला बाहेर पाठवून विचारले होते की हा अर्ज कोणत्या वकिलाने लिहून दिला. हे मी आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. लोक माझ्याकडे का येतात एवढेच कळावे म्हणून सांगतो.

सदर गृहस्थ मुलाला घेऊन आले, तेव्हा मी बाक पुढे केला. ते जमिनीवरच बसले. मुलगा उभा राहिला. विशीच्या थोडा पुढचा असेल. गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, इमानांवर अर्ज कराचा हाय."

इतक्या वर्षांत माझ्यापुढे प्रतिवादी म्हणून तलाठी आले, ग्रामसेवक आले, सख्खे भाऊ आले. विमान कधी आले नव्हते. मी कागद सरळ केला आणि सविस्तर सांगा म्हणालो.

त्यांनी जे सांगितले ते असे. आमच्या भागात पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे त्यातले बरेवाईटही माहेरच्या माथी येते. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नाही. बाई अडली की जाड बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची, पुढे दोघांनी आणि मागे दोघांनी खांदा द्यायचा आणि डांबरी रस्त्यापर्यंत उतरायचे, ही तिथली रीत. सदर गृहस्थांनी तरुणपणापासून अशा कितीतरी झोळ्या उतरवल्या होत्या. पुढचा खांदा नेहमी त्यांचा, कारण उतारावरचा दगड न दगड त्यांच्या पायाला ठाऊक. पण आदल्या वर्षी एका बाईला असेच खाली आणले, तेव्हा रस्त्यावर गाडी नव्हती आणि ती रस्त्याच्या कडेलाच बाळंत झाली. त्यावर सरकारी दवाखान्यातून वाडीला बोलणी बसली. आधी फोन करायचा, गाडी निघाली असे कळले की मग झोळी उचलायची, असे बजावण्यात आले. या गृहस्थांनी ते मनावर घेतले. वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन हा नवा नियम त्यांनीच सांगितला.

फोन लागतो तो फक्त वाडीच्या वरच्या एका कातळावर. सगळे त्याला रेंजचा कातळ म्हणतात. त्यावर उभे राहून तोंड भातसानगरच्या धरणाकडे केले की आवाज येतो. त्या दिवशी पहाटे मुलीला कळा सुरू झाल्या आणि बापलेक कातळावर चढले. फोन लागेना. थोडे थांबून पुन्हा लावायचा, पुन्हा नाही. उन्हे वर आल्यावर धरणाच्या बाजूने दोन राखाडी विमाने इतकी खालून आली की कातळ हातभर हादरल्यासारखा वाटला. वळसा घेऊन ती समुद्राच्या दिशेने निघून गेली. त्यानंतरही फोन लागला नाही. खाली घोंगडी बांधलेला बांबू भिंतीला टेकवून तयार होता आणि चौघे गडी अंगणात बसून होते. नियम नियम म्हणून कोणी उठले नाही. दुपारी घरातच मुलगी झाली. रक्त थांबेना, तेव्हा नियम सोडून झोळी उचलली. डांबरी रस्ता दिसायच्या आत ती गेली.

बाराव्यानंतर व्याही आले आणि नात घेऊन गेले. त्यांच्या घरी दुसरी सून अंगावर पाजणारी होती, म्हणून ते योग्यही होते. परंतु नंतर गृहस्थ दोनदा मुरबाडकडे गेले आणि दोन्ही वेळा नात त्यांना दाखवली गेली नाही. दारातच एक प्रश्न विचारला गेला, झोळी का उचलली नाही. फोन लागत नव्हता, हे उत्तर तिथे कोणाला पटले नाही. परतीच्या जीपमध्ये कोणीतरी त्यांना सांगितले की लढाऊ विमानात फोन बंद पाडणारे यंत्र असते. तेव्हापासून त्यांच्या मनाने एकच धरले होते. विमानांनी रेंज खाल्ली असे सरकारने कागदावर लिहून द्यावे. तो कागद घेऊन ते व्याह्यांच्या दारात जातील आणि नात मांडीवर घेतील.

मुलाने मोबाईल पुढे केला. त्याने विमानांचे चित्रण केले होते. अशा वेळी चित्रण कसे सुचले, असे मी विचारले. तो खाली बघून म्हणाला, "ताईला दाखवाचा व्हता. तिनं असा जवलून कवा बघितला नव्हता."

त्या रात्री मी मसुद्याची पहिली चार वाक्ये मनात रचून झोपलो हे नाकारत नाही. असा विषय अर्जलेखकाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. परंतु ऐकीव माहितीवर अर्ज उभा राहत नाही, एवढे मला कळते. म्हणून पुढच्या रविवारी त्या दोघांना घेऊन मी आटगावला साडूंकडे गेलो.

माझे साडू विमानवाहू जहाजावर लढाऊ विमानांना शस्त्रे चढवण्याच्या कामावर होते. इंजिनांच्या आवाजाने त्यांचे कान गेले आहेत. त्यामुळे ते घरात बोलले तरी रस्त्यावरचा माणूस थांबतो. स्वभावाने फुशारकीचे, पण एका बाबतीत कडक. छापील पुस्तकात जे आहे तेवढेच सांगेन, बाकीचे माझ्याबरोबर जाईल, असे ते प्रत्येक वेळी आधी बजावतात. मेहुणीने चहा ठेवता ठेवता टोमणा मारला की यांनी एवढी क्षेपणास्त्रे जोडली म्हणतात, पण घरातला गॅसचा पाइप जोडायला माणूस बोलवावा लागतो. साडूंना तो ऐकू आला नाही, किंवा आला नाही असे त्यांनी दाखवले.

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, चित्र थांबवले, पुढे सरकवले, पुन्हा थांबवले. दोन शेपट्या, पंखांची ठेवण, पोटाखालचा अडकवण्याचा आकडा. नौदलाचेच, असे ते म्हणाले. तो आकडा जहाजावर उतरताना आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि धावणारे विमान जागच्या जागी थांबते. उडताना जहाजाच्या नाकाशी वर वळलेला उतार असतो, त्यावरून ते फेकल्यासारखे आकाशात जाते.

मग गृहस्थांनी विचारले की त्याच्यावर हत्यार काय काय असते. साडू खुलले. पंखाच्या मुळाशी, वैमानिकाच्या डाव्या हाताला तोफ. पंखाखाली ओळीने हुक, आणि प्रत्येक हुकावर कामगिरीप्रमाणे वेगळी वस्तू. विमानावर मारायची क्षेपणास्त्रे दोन जातींची. एक रडारच्या मदतीने लांबवर जाते, दुसरे जवळचे, ते इंजिनाच्या उष्णतेचा माग काढते. जहाजावर मारायचे क्षेपणास्त्र जड असते आणि पाण्याला जवळजवळ चाटून जाते, म्हणजे समोरच्या जहाजाला ते उशिरा दिसते. प्रत्येकाला खीळ असते आणि खिळीला लाल फीत. उड्डाणाआधी ती खीळ काढणे आणि सगळ्या फिती हातात धरून वैमानिकाला दाखवणे हे साडूंचे काम होते. एक जरी राहिली तर ते हत्यार वर जाऊन नुसते ओझे होते.

"एवढा सगला एका इमानावर?" गृहस्थ म्हणाले. "मंग त्याला भ्या कोनाचा?"

साडू म्हणाले की भय आहे म्हणूनच दुसरी अर्धी सामग्री असते, आणि ती दिसत नाही. मी वही उघडली, कारण आमचा मुद्दा इथे सुरू होत होता. शत्रूचे रडार विमानाकडे बघू लागले की वैमानिकापुढे सूचना उमटते, कोण बघते आहे, कोणत्या बाजूने. मग विमान केसांसारख्या बारीक, धातूचा मुलामा दिलेल्या तंतूंचा पुंजका हवेत सोडते. तो पसरतो आणि रडारला तिथे विमान असल्यासारखे दिसते. उष्णतेमागे येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी जळते गोळे सोडायचे. ते इंजिनापेक्षा जास्त तापलेले असतात, म्हणून क्षेपणास्त्र विमान सोडून गोळ्याच्या मागे जाते.

"चकवा," गृहस्थ म्हणाले. रानात माणसाला भलत्या वाटेने फिरवणाऱ्या भुताला आमच्याकडे चकवा म्हणतात. साडूंनी मान डोलावली. जॅमरचेही तसेच, असे ते म्हणाले. रडार हाक मारते, हाकेचा पडसाद परत येतो, त्यावरून ते विमानाची जागा ठरवते. जॅमर एकतर इतका गोंगाट करतो की पडसाद ऐकूच येत नाही, नाहीतर तीच हाक थोडी बदलून परत पाठवतो, आणि रडारला विमान भलतीकडे दिसते.

"म्हणजे फोनचंही असंच करता येईल," मी म्हणालो.

"साडू, तुमी अर्ज लिहा, विमान मी बघतो," ते म्हणाले. मग त्यांनी त्यांच्या मानाने हळू आवाजात समजावले. रडारच्या लहरी वेगळ्या आणि मोबाईलच्या वेगळ्या. विमानाचा जॅमर ज्या रडारने धरले त्याला उत्तर द्यायला बनवलेला. शांततेच्या काळात आपल्याच धरणावरून जाताना तो कोणी चालू करत नाही. केला तर पहिला गोंधळ आपल्याच माणसांच्या रडारवर व्हायचा आणि वैमानिकाला खाली उतरल्यावर जाब द्यावा लागायचा. शिवाय चित्रात बाकीचे हुक मोकळेच आहेत. पोटाखाली इंधनाची टाकी आणि कडेला सरावाची दोन क्षेपणास्त्रे, ज्यांच्यात दारू नसते. पोरांचा सराव चालला होता, दुसरे काही नाही.

गृहस्थ ऐकत होते. साडूंनी मोबाईल मुलाला परत देताना सहज विचारले, अगदी सहज, यंत्र बिघडले की कोणीही विचारतो तसे, "विमानं यायच्या आधी फोन लागत होता का?"

मुलगा मोबाईल खिशात सरकवू लागला. साडूंना वाटले आपल्याला ऐकू आले नाही, म्हणून त्यांनी कानाला हात लावून पुन्हा विचारले. तेव्हा त्याला मोठ्याने सांगावे लागले.

"आदल्या सांजेपासून नव्हता. मी गेलो व्हतो कातलावर. लाइट गेली त टावर पन गेला. मला वाटला रातच्याला येल."

"मंग सकाली बोलला का नाय?" बापाने विचारले.

"टावर असा रोजच जातो न येतो. मला वाटला लागल. तुमी बोललाव, फोन लागल्याबिगर झोली उचलाची नाय."

मेहुणी चहाचे कप घेऊन आली होती. ती दारातच थांबली. गृहस्थांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. कोणी चहा घेतला, कोणी नाही, हे मला आठवत नाही.

स्टेशनकडे परत येताना मुलगा बराच पुढे चालत होता. मी गृहस्थांना म्हणालो की विमान सोडू, टॉवरवर लिहू. वीज गेली की टॉवर का बंद पडतो, तो बंद असताना वाडीला कोण कळवणार, आणि फोनवाचून झोळी उचलू नका हे सांगणाऱ्यांनी फोनच नसेल तर काय करायचे ते का सांगितले नाही, असे तीन मुद्दे घालू. तिन्ही खरे आहेत. हा अर्ज विमानांवरच्या अर्जापेक्षा मजबूत होईल.

ते थांबले. पुढे चाललेल्या मुलाकडे बघून म्हणाले, "टावरचा लिवला त व्याही इचारील, टावर कवा गेला. तुमाला कवा कललं. मंग ह्यो सापडल. एक पोर गेली भाऊ. तुमी इमानच लिवा."

मला तेव्हा उमजले की ते खोटे बोलत नव्हते. येणारा राग कोणाच्या तरी मागे जाणारच होता, आणि मुलापेक्षा जास्त तापलेले असे काहीतरी त्यांना आकाशात सापडले होते. मी इतकी वर्षे लोकांची गाऱ्हाणी लिहिली. पण गाऱ्हाणे असे कोणाला झाकण्यासाठीही सांगितले जाते, हे मी त्या रस्त्यावर शिकलो.

तरीही मी विमानांवर लिहिले नाही. कारण सांगतो. सरकारकडून उत्तर आलेच, तर साडूंनी सांगितले तेच येणार होते, आणि मग त्यांच्या हातात विमानही राहिले नसते. टॉवरविषयी लिहिले. मुलाला कधी कळले हे त्यात मी घातले नाही. वाचून दाखवल्यावर गृहस्थांनी विचारले, "इमान नाय त्याच्यात?" मी नाही म्हणालो. त्यांनी अंगठ्याला शाई लावून घेतली.

अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. पोच म्हणजे उत्तर नव्हे, हे मी त्यांना समजावले. पण त्यांना धीर निघेना. कागदावर शिक्का आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. शिक्का असलेली प्रत घेऊन ते मुरबाडला जायला निघाले आणि वाचून दाखवायला मला बरोबर घेतले. मुलगा नको असे त्यांनी सांगितले होते. तरी तो आला.

व्याह्यांनी ओटीवर बसवले. पाणी दिले, चहा दिला. अपमान म्हणावा असे काही केले नाही, हे मी साक्षीदार म्हणून नमूद करतो. जावई खांबाला टेकून उभा होता. त्याच्या बायकोच्या मरणाचा कागद मी त्याच्यासमोर वाचला. माझा वाचनाचा आवाज चांगला आहे. त्या दिवशी तो मला नको झाला. आतून मध्येच पोर रडली. गृहस्थांनी मान वळवली आणि वाचन संपेपर्यंत ती तिकडेच ठेवली.

मी थांबल्यावर व्याह्यांनी विचारले, "टावर बंद व्हता त्ये तुमाला कवा कळलं?"

"सकाली," गृहस्थ म्हणाले. "कातलावर गेल्यावर."

मुलगा पायरीवर बसला होता. तो उठला नाही, वरही बघितले नाही. "मला आदल्या सांजेला कललं व्हतं," तो म्हणाला. "बाबाला मी सांगितला नाय."

कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. व्याह्यांनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोर मोटी व्हऊ दे. मंग बघू." विहीणबाई दारात आल्या होत्या, त्यांच्या हातात काही नव्हते. जावई खांबापासून सरला आणि आत गेला. आतले रडणे थांबले, म्हणजे त्याने पोरीला उचलले असावे.

परतीच्या जीपमध्ये गृहस्थांनी मुलाच्या मांडीवर हात ठेवला होता आणि तो उतरेपर्यंत उचलला नाही. पुढच्या आठवड्यात मुलगा वीटभट्टीवर कामाला निघून गेला. दरवर्षी वाडीतले बरेच जण जातात, पण हंगाम संपल्यावर बाकीचे आले, तो आला नाही. भट्टीवरून पुढे कुठेतरी गेला म्हणतात. गृहस्थ अधूनमधून माझ्या टेबलापाशी येतात, जमिनीवर बसतात, उत्तर आले का विचारतात आणि जातात. टॉवर चालू झाला आहे. वाडीत त्यानंतर दोन बायका अडल्या आणि दोन्ही वेळा फोन न लावता झोळी उचलली गेली. पुढचा खांदा मात्र दुसऱ्याने दिला, कारण यांनी आता झोळीला हात लावायचे सोडले आहे.

सबब, ज्या कोणाच्या वाचनात हे येईल आणि ज्याच्याकडे उत्तर देण्याचा अधिकार असेल, त्यास नम्र विनंती करण्यात येते की, पुढील मुद्द्यांवर लेखी उत्तर मिळावे. टॉवर बंद असेल तेव्हा कातळावर उभ्या असलेल्या माणसाला ते कोणी कळवायचे. फोनची वाट बघा हा नियम ज्यांनी घातला, त्यांनी वाट कुठवर बघायची हे का सांगितले नाही. आणि एका संध्याकाळी रेंज गेल्याचे न सांगणाऱ्या मुलाकडे या मरणाचा नेमका किती भाग येतो, हे कोणी ठरवायचे.

तसेच मुरबाड तालुक्यातील सदर कुटुंबास स्वतंत्र विनंती की, मूल मोठे होण्याची वाट न पाहता, आजोबांना एकदा, दारात का होईना, नात पाहू द्यावी. त्यांचे वय झाले आहे. उत्तर अर्जदाराच्या पत्त्यावर न पाठवता माझ्या टेबलावर पाठवावे, वाडीपर्यंत टपाल जात नाही. मी ते वाचून दाखवीन.